जावाजावांचा चटणीचा धंदा: भागीदारी, एलएलपी की एकीच्याच नावावर?

डंकाखालची

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण तुकडे करून विचारला तर उत्तरंही तुकड्यांतच येतील, म्हणून सगळं एकदम लिहिते.

मी कागलची. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई मिळून कांदा-लसूण चटणी करतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या पाहुण्यांना पाठवायची म्हणून सासूबाईंच्या देखरेखीखाली पहिली ११ किलो केली. गेल्या वर्षी १४ लाख ६० हजारांची विक्री झाली. आमची दोघींची मजुरी न धरता खर्च वजा जाऊन ४ लाखांच्या आसपास उरले. मिरची गडहिंग्लजच्या बाजारातून आणतो, संकेश्वरी आणि ब्याडगी. त्या खरेदीत मला कोणी विचारत नाही. जाऊबाई देठ मोडून वास घेतात, नापसंत पडली तर रिकाम्या हाताने परत येतात. कांदा वाळवणं, तेलात परतणं, मसाले भाजणं त्यांचं. पॅकिंग, ऑर्डरी, कुरिअर आणि हिशेब माझा. पैसे सगळे माझ्याच सेव्हिंग खात्यावर येतात. जाऊबाईंचे मी दर महिन्याला हातात देते आणि वहीत लिहून ठेवते.

आता तीन गोष्टी एकदम आल्यात. पुण्यातल्या एका दुकानदाराला महिन्याला २०० किलो पाहिजे, पण फर्मचं बिल आणि फर्मचं खातं असेल तरच. निपाणीचे दोन किराणावाले मागं लागलेत. आणि दुसऱ्याच्या डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या यंत्रावर, पहाटे नंबर लावून आता जीव विटला, स्वतःचा डंक आणि पाऊच पॅकिंगचं मशीन घ्यायचं म्हटलं तर ६ लाखांचं कर्ज काढावं लागेल.

घरात तीन मतं आहेत. आमचे हे म्हणतात, तुझ्या नावावर कर, गुंता नको. दीर म्हणतात, दोघींची फर्म करा. गावातल्या एका कन्सल्टंटने सांगितलं, "ताई, आजकाल सगळे प्रायव्हेट लिमिटेडच करतात, १८ हजारांत करून देतो." जाऊबाई काहीच बोलत नाहीत, आणि मला घोर त्याचाच आहे. कारण गेल्या उन्हाळ्यात वर्षाची मिरची भरायला त्यांनी पाटल्या गहाण ठेवून २ लाख ४० हजार घातले. त्याचा कागद कुठंच नाही, माझ्या वहीत एक ओळ आहे फक्त.

काय करावं?

हिशेबनीस

कोल्हापुरात सीए आहे. कागद न बघता सांगतोय, त्यामुळे बेताने घ्या.

आधी निपाणीचं. माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नंबर सक्तीचा नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. पण ते राज्याच्या आतल्या विक्रीपुरतं. कोगनोळीपासून पुढे कर्नाटक. तिथल्या दुकानाला एक किलो चटणी विकलीत तरी तो आंतरराज्य व्यवहार, आणि त्याला पहिल्या रुपयापासून नंबर लागतो. कंपोझिशनची, म्हणजे लहान धंद्याला उलाढालीवर ठरावीक थोडा कर भरायची सवलतही मिळत नाही, कारण त्यात राज्याबाहेर माल विकता येत नाही. कागलच्या माणसाला निपाणी म्हणजे बाजाराचं गाव वाटतं, कायद्याला ते परराज्य आहे. तेव्हा निपाणी करायचं की नाही हे आधी ठरवा.

आता कर. एकीच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिप केलीत तर धंद्याचा नफा हेच तिचं उत्पन्न. ४ लाखांवर प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत कर शून्य. भागीदारी फर्म किंवा एलएलपीला (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) स्लॅब, म्हणजे टप्प्याटप्प्याचे दर नाहीत, सरसकट ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे ३१.२. घाबरू नका, काम करणाऱ्या भागीदारांचा पगार आधी वजा होतो. पहिल्या ६ लाखांच्या नफ्यावर ३ लाख किंवा नफ्याच्या ९० टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढा पगार मान्य होतो. तुमच्या ४ लाखांतून ३ लाख ६० हजार पगार गेला, उरले ४० हजार, त्यावर १२,४८० रुपये कर. मात्र पगाराचं कलम करारनाम्यात हवं. नसेल तर पूर्ण ४ लाखांवर कर. आणि १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात २० हजारांच्या वर पगार-व्याज दिलं की फर्मने १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापायचा आहे. त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढा, रिटर्न भरा, मग कापलेला परत मागा.

प्रायव्हेट लिमिटेडला विक्री शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट आहे. १८ हजार ही कंपनी काढायची फी झाली. दरवर्षीची विचारलीत का?

उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते. तिचे कुणाला पैसे देऊ नका.

लवंगी

कंपनीच काढा ताई. दोघींच्या कार्डावर डायरेक्टर छापता येतं. नवऱ्यांना पगारी ठेवा.

शिरोलीचा टर्नर

ताई, करातलं मला कळत नाही. माझं काय झालं ते सांगतो.

मी आणि माझा दोस्त एकाच फाउंड्रीत कामाला होतो. २००९ साली शिरोली एमआयडीसीत शेड भाड्याने घेतली, दोन जुने लेथ टाकले. भागीदारीचा करारनामा स्टँप व्हेंडरकडच्या तयार साच्यावर. किती काळजीपूर्वक केला होता बघा: फर्मच्या उद्देशात "किराणा व भुसार मालाचा व्यापार" असंच राहून गेलं होतं. बारा वर्षं आम्ही कास्टिंग टर्निंग केलं आणि कागदावर आम्ही भुसारी. २०१६ ला १४ लाखांचं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घेतलं, कर्जाने. खात्यावर सही दोघांची लागायची. तेव्हा आम्हाला त्यात मोठा विश्वास वाटायचा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये तो दवाखान्यात गेला. १९ दिवस. त्या १९ दिवसांत एक चेक निघाला नाही. चार पोरांचा पगार मी बायकोच्या खात्यातून दिला. ऑक्सिजनवरच्या माणसाकडे सहीला चेकबुक घेऊन जायचं का? एकदा गेलो होतो खाली गेटपर्यंत. परत आलो.

तो गेला. करारनाम्यात कलम होतं, एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म बंद पडणार नाही. मी बँकेत तेच बोट ठेवून दाखवलं. बँकेचा वकील म्हणाला, भागीदारीला निदान दोन माणसं लागतात, दोघांतला एक गेला की उरलेला एकटा कुणाशी भागीदारी करणार? सर्वोच्च न्यायालयाने १९६५ सालीच हे सांगून ठेवलंय म्हणे, दोघांच्या फर्मला ते कलम लागूच पडत नाही. त्याचा मुलगा १७ वर्षांचा. अज्ञान मुलाला नफ्यात घेता येतं, भागीदार करता येत नाही, आणि फर्मच उरली नाही तर घेणार कशात? खातं तीन महिने अडकलं. मी माझ्या नावावर नवीन जीएसटी नंबर काढला, गिऱ्हाइकाकडे व्हेंडर कोड (माल पुरवणाऱ्याचा नंबर) नव्याने काढला, जुन्या बिलांचे पैसे जुन्या खात्यात येऊन पडायचे आणि मी ते बाहेरून बघायचो.

तरी हे सगळं निभावलं. खरं अवघड पुढं होतं. वहिनींचा अर्धा वाटा द्यायचा, यात वाद नव्हता. पण अर्धा कशाचा? सीएनसीची खरेदी १४ लाख. वर्षाला १५ टक्के घसारा लावून वहीत राहिलेली किंमत ६ लाख २१ हजार. बाजारात विचारलं तर ९ लाखांचं गिऱ्हाईक होतं. तीन किमती, एकच मशीन. वहिनींच्या भावाने १४ धरले, आमच्या हिशेबनिसाने ६. (वरचे नव्हेत.) शेवटी ९ वर मिटलं, हप्त्याने देतोय, अजून दोन राहिलेत. वहिनी बोलतात माझ्याशी. भाऊ बोलत नाही.

म्हणून तुम्ही फर्म केलीत तर एवढं लिहून घ्या: खात्यावर कुणाही एकीची सही चालेल, फार तर मोठ्या रकमेला दोघींची. एक जण बाहेर पडली किंवा गेली तर डंक आणि मशीन कुठल्या किमतीला धरायचं. पाटल्यांचे २ लाख ४० हजार हे भांडवल की उसने, व्याज किती. आणि जमलं तर तिसरा भागीदार घ्या, ५ टक्क्यांचा का असेना, म्हणजे एक गेली तरी फर्म उभी राहते. सासूबाई, नाहीतर कुणाची सज्ञान मुलगी.

हिशेबनीस

टर्नरसाहेबांचं बरोबर आहे, पण तिसऱ्या भागीदाराबद्दल एक सांगायला हवं. वाटा ५ टक्के असला तरी फर्मच्या देण्याची जबाबदारी पूर्ण. कर्ज थकलं तर बँक सासूबाईंच्या ठेवीपर्यंत पोचू शकते. एलएलपीत तसं नाही, आणि एक भागीदार गेला तरी एलएलपी जिवंत राहते. दुसरा घ्यायला सहा महिने मिळतात, त्यानंतर मात्र एकटीने चालवलीत तर तेवढ्या काळातली देणी तिच्या अंगावर. तरी ६ लाखांच्या कर्जाला बँक वैयक्तिक हमी मागणारच, त्यामुळे "मर्यादित जबाबदारी" या शब्दांवर फार भाळू नका.

आणि फर्म केलीत तर भागीदारी संस्थांच्या सरकारी निबंधकाकडे नोंदवा. न नोंदवता चालते, पण पुण्याच्या दुकानदाराने पैसे बुडवले तर बिननोंदणीच्या फर्मला त्याच्यावर वसुलीचा दावा लावता येत नाही.

तिघी

मी नाशिकची. आम्ही तिघी मैत्रिणींनी पापड-कुरडयांसाठी एलएलपी केली होती. ऑडिट नव्हतं, ते उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेल्यावर लागतं. पण मे महिन्यात एक फॉर्म आणि ऑक्टोबरमध्ये एक, विक्री असो नसो. दुसऱ्या वर्षी एकीच्या मुलाची बारावी, एकीचं बाळंतपण, फॉर्म राहिला आणि उशिराची फी चढत गेली. बंद करताना आधी मागचे सगळे फॉर्म भरा, मग अर्ज. उघडताना जेवढा उत्साह होता तेवढा बंद करताना कुणालाच नव्हता, सगळं माझ्या गळ्यात आलं. आता माझ्या एकटीच्या नावावर करते, सुखी आहे. पण मी एकटी आहे, तुमच्या जाऊबाई आहेत.

डंकाखालची

सगळ्यांचे आभार. टर्नरदादा, तुमचं दोनदा वाचलं.

एक राहिलं. पाकिटावर सासूबाईंचं नाव आहे आणि त्यांचा नऊवारीतला फोटो. लोक चटणी त्या नावानेच मागतात. धंदा कुणाच्याही नावावर केला तरी ते नाव कुणाचं?

हिशेबनीस

चांगला प्रश्न, आणि बहुतेक जण तो भांडण झाल्यावर विचारतात. आज ते नाव कागदोपत्री कुणाचंच नाही. ट्रेडमार्क करा, मसाल्यांचा वर्ग ३०. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपये, नाहीतर ९,०००. म्हणजे उद्यम आधी काढा. हयात व्यक्तीचं नाव-फोटो असल्यामुळे सासूबाईंचं संमतीपत्र मागितलं जाऊ शकतं, सहीनिशी तयार ठेवा. अर्ज तुमच्या एकटीच्या नावावर केलात तर उद्या जाऊबाईंनी तीच चटणी त्याच नावाने विकायला काढली की तुम्ही त्यांना अडवू शकता. तुमच्या मनात नसेल, पण कागद तसाच बोलेल. दोघींची फर्म करणार असाल तर अर्ज फर्मच्या नावावर, आणि फर्म मोडली तर नाव कुणाकडे जाईल ते करारनाम्यात.

उलट, एकीच्या नावावर सुरू करून दोन वर्षांनी फर्म करू म्हणाल तर पॅन बदलतं. जीएसटी नंबर, फूड लायसन्स, बँक खातं सगळं नवं. पाकिटावरचा लायसन्स नंबरही बदलतो, छापून ठेवलेले पाऊच वाया. दहा हजार पाऊच छापायच्या आधी काय ते ठरवा.

डंकाखालची

काल रात्री जेवणं झाल्यावर जाऊबाईंना हे सगळं मोबाइलवरून वाचून दाखवलं. टर्नरदादांचं गेटपर्यंत जाऊन परत आलेलं ऐकून त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, चुकलं काहीतरी. परत आल्या तेव्हा हातात एक वही. मुलाच्या शाळेची जुनी, मागच्या कोऱ्या पानांवर तारीखवार लिहिलेलं: कधी किती किलो भाजलं, किती डंकाला गेलं, मी हातात किती दिले. २०२० पासून. पाटल्यांचे पैसेही होते, सोनाराच्या व्याजासकट, जे मी कधी धरलंच नव्हतं.

दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या. पाच वर्षांत माझा आणि त्यांचा फरक निघाला ३,१५० रुपयांचा, त्यांच्या बाजूने. रात्री साडेबाराला आम्ही दोघी हसत होतो आणि ह्यांनी आतून विचारलं, काय झालं म्हणून.

ठरलंय ते असं: दोघींची भागीदारी, निम्मी निम्मी, नोंदवून. पाटल्यांचे पैसे उसने, भांडवल नाही. त्या म्हणाल्या, "ते सोडवून आण आधी, मग भागीदार म्हण मला." खात्यावर कुणाही एकीची सही. डंकाची किंमत बाहेर पडताना बाजारभावाने, कोल्हापुरातल्या दोन विक्रेत्यांकडून लेखी दर घेऊन त्याची सरासरी. नाव फर्मचं. तिसरा भागीदार सध्या नको. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, फोटो दिलाय तेवढा बास.

निपाणी दिवाळीनंतर. हिशेबनीस, शनिवारी ऑफिसात असता का? दोघी येतो. दोन्ही वह्या आणू की एकच पुरे?

हिशेबनीस

दोन्ही आणा. अकराच्या पुढे या. आणि अर्धा किलो तिखट.