जंगल वाचणार युरोपच्या कायद्याने, खर्च मात्र कोको पिकवणाऱ्याच्या माथी?

(चौघांची चर्चा; प्रत्येकाच्या म्हणण्याआधी त्याचं टोपणनाव.)

पोटापुरता
युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडविरोधी कायदा केला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जिथलं जंगल तोडलं, त्या जमिनीवरचा कोको, कॉफी, सोयाबीन, पामतेल, रबर, लाकूड आणि गोमांस युरोपच्या बाजारात आणायला बंदी. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण तयारी कधीच सुरू झाली आहे. हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. खर्च कोण उचलतो, एवढंच विचारायचं आहे.

कायद्याने जबाबदारी टाकली आयातदारावर. पुरावा मात्र शेताचा हवा: तुकड्याचे अक्षांश-रेखांश, दशांशचिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत. जगातला सुमारे निम्मा कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो, आणि तो पिकवणारे बहुतेकजण चार-दोन हेक्टरवाले. मोबाइल घेऊन त्यांच्या रानात जायचं कोणी? सहकारी संस्थेचा माणूस गेला तर खर्च संस्थेच्या अंगावर. खरेदीदार कंपनीचा गेला तर नकाशा कंपनीचा. उद्या दुसरं गिऱ्हाईक चांगला भाव देतंय म्हणून माल तिकडे घालावा, तर स्वतःच्याच रानाचा दाखला पहिल्या कंपनीच्या संगणकात!

कोको दळण्याच्या धंद्यातला मोठा वाटा बॅरी कॅलेबॉ, कारगिल आणि ओलम या तीन कंपन्यांकडे आहे. घेणारे मोजके आणि विकणारे लाखो असले की वरून टाकलेला कुठलाही खर्च घरंगळत तळालाच जातो. 'शाश्वत अन्न' म्हणून ज्या परिषदा भरतात, तिथे कार्बनवर तासन्‌तास बोलतात. या घरंगळण्यावर कोणी बोललेलं मी तरी ऐकलं नाही.

हिशेबनीस
चार हेक्टरपर्यंतच्या तुकड्याची सगळी हद्द मोजावी लागत नाही, एक बिंदू पुरतो. तुम्ही ज्यांची बाजू घेताय त्यांना कायद्याने ही सवलत दिलेलीच आहे. ते सोयीस्करपणे गाळलंत.

आणि जंगल तोडलं कोणी? आयव्हरी कोस्टचं बहुतेक जंगल १९६० नंतर गेलं, त्यात कोकोचा हात मोठा. मैलोगणती पसरलेल्या कंपनीच्या मळ्यांनी ते खाल्लं नाही. जुनी झाडं थकली, जमिनीचा कस उतरला, की पुढचं रान साफ करायचं, असं तुकड्या-तुकड्याने गेलं. गरिबीपायी गेलं, मान्य. पण तोडलेलं रान कारण ऐकून परत उगवत नाही.

कायदा नको तर काय, स्वेच्छेचा वायदा? चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये अमेरिकेत करार केला होता, की कोकोच्या शेतांतल्या बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार २००५ पर्यंत संपवू. मग मुदत २००८, मग २०१०, मग '२०२० पर्यंत ७० टक्के कमी करू'. तेही झालं नाही.

तिखटजाळ
हिशेबनीस, वायद्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण मग कायदा भावाचा का नाही झाला? जंगलाचाच का?

२०१९ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्ट एकत्र आले आणि म्हणाले, बाजारभावावर टनामागे ४०० डॉलर जास्त द्या, शेतकऱ्याच्या जगण्यासाठी. कंपन्यांनी हसतमुखाने होकार दिला. त्या देशांच्या मालाला दर्जापोटी आणखी एक वेगळी वाढ मिळायची. ती पुढच्या हंगामांत घसरत शून्याखाली गेली. म्हणजे उजव्या हाताने ४०० दिले आणि डाव्याने बरेचसे काढून घेतले. नियम मोडला नाही कोणी! सत्ता म्हणतात ती ही.

अमेरिकेतल्या कोंबडीपालकांचं बघा. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, शेड आणि त्यावरचं कर्ज शेतकऱ्याचं. पैसे किती मिळणार हे त्याच आठवड्यात माल दिलेल्या इतरांच्या तुलनेत त्याचा नंबर कितवा लागला यावर. पिल्लं मुळातच अशक्त आली तरी नंबर त्याचाच घसरतो. कोंबडी जिवंत आहे तोवर कंपनीची. मेलेल्या कोंबड्या आणि विष्ठेचा ढीग मात्र शेतकऱ्याचा. पर्यावरण खात्याची नोटीस कोणाच्या दारात येईल ते सांगायला नकोच.

शंकासुर
कंपन्यांना झोडपून झालं असेल तर सरकारकडेही वळूया.

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. त्या हंगामात आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला सरकारने ठरवलेला भाव होता किलोला १,८०० सीएफए फ्रँक (तिथलं चलन), म्हणजे टनाला साधारण ३,००० डॉलर. मधली रक्कम सगळी कंपन्यांनी लाटली असं नाही. तिथलं सरकारी कोको मंडळ पीक हाती येण्याआधीच माल विकून ठेवतं, तेव्हाच्या भावाने. कॅमेरूनमध्ये बाजार खुला, तिथल्या शेतकऱ्याला चढ्या भावाचा कितीतरी मोठा वाटा मिळाला. आयव्हरी कोस्टच्या सीमेवरून शेजारच्या देशांत पोती उगाच जात नव्हती.

पोटापुरता
शंकासुर, अर्धं चित्र आहे हे. आयव्हरी कोस्टने १९९९ मध्ये जागतिक बँकेच्या दबावाखाली भाव ठरवणं सोडलंच होतं. भाव पडला की शेतकरी उघड्यावर, म्हणून २०१२ च्या सुमारास पुन्हा हमीभाव आला. तेजीत मंडळ शिव्या खातं, मंदीत तेच आठवतं.

हिशेबनीस, एक बिंदूचा मुद्दा बरोबर. पण तो बिंदू घ्यायलाही माणूस शेतात जावा लागतो, आणि त्या बिंदूचा मालक कोण हा प्रश्न जागच्या जागी आहे.

हिशेबनीस
त्याला उत्तर आहे. घानाने स्वतःची नोंदणी यंत्रणा उभी केली, आयव्हरी कोस्टने शेतकऱ्यांना ओळखपत्रं दिली. नोंद देशाकडे राहिली की कंपनीची पकड सुटते. नुसता भाव वाढवून जंगल वाचत नाही हो. भाव चढला की नवं रान तोडायचा मोहही चढतो. म्हणून भावही हवा आणि कायदाही. तुम्ही एकच धरून बसलात.

तिखटजाळ
मोह हातात चार पैसे आल्यावरचा. तिथवर पोचू तर द्या त्यांना.

शंकासुर
ओळखपत्र कोणाच्या नावावर? घानात 'अबुसा' नावाची वाटणी चालते. झाडं मालकाची, राबणारा दुसराच, आणि त्याला पिकाचा एक तृतीयांश. 'शाश्वत' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला मिळणारा जादा पैसा ओळखपत्र बघून वाटला तर तो राबणाऱ्यापर्यंत कसा जातो, हे कोणी नीट सांगेल का? उत्तर कुठल्याही बाजूने आलं तरी चालेल.