मदत हवी आहे: हॅवलॉकच्या रिसॉर्टवर आई-बाबा आणि मुलांसोबत एक निवांत दिवस

बेळगावातून आम्ही सहा जण, डिसेंबरात, पौर्णिमेच्या आसपास अंदमानातल्या स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर असू. एक दिवस कुठेही न भटकता रिसॉर्टवरच काढायचाय. अडतंय ते ओहोटीपाशी.

विजयनगर-गोविंदनगरकडची रिसॉर्टं पूर्व किनाऱ्यावर. तिथे पाणी उथळ, तळाशी प्रवाळाचे दगड. ओहोटीला समुद्र बराच आत जातो, पौर्णिमा-अमावास्येला तर जास्तच. म्हणजे पोहणं भरतीच्या आगेमागे दोनेक तासच, आणि तेही पायात रबरी बूट घालून. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. कोकणातलं तिथीच्या पाऊणपटीचं गणित (तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ) तिथे जसंच्या तसं लागू होत नाही, त्यामुळे श्री विजयपुरमचं, म्हणजे पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच दिवस ठरवणार. पश्चिमेचा राधानगर किनारा वाळूचा, पोहायला सोयीचा. पण डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो. बेळगावच्या सवयीने 'चहा घेऊन निघू' म्हटलं की अंधार!

माहीतगारांनी सांगावं: पूर्वेकडे तळमजल्यावरची खोली आणि मुलांपुरता पोहण्याचा उथळ तलाव दोन्ही असलेलं रिसॉर्ट कोणतं? आईला गुडघ्यांमुळे जिना नको. चार वर्षांच्या मुलाच्या मापाचं लाईफ जॅकेट तिथे मिळतं, की इथूनच न्यावं? सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून वर सरकतं, म्हणून मांडीतून जाणारा पट्टा हवाच. कांदा-लसूण नसलेलं जेवण आदल्या दिवशी सांगून मिळतं का? आणि राधानगरहून परतायला रिक्षा थांबवूनच ठेवावी लागते का?