जोतीरावांनी 'निर्मीक' का ठेवला?

कऱ्हाकाठ: जोतीराव फुल्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म' वाचायला घेतलंय. जोतीराव पोथ्या, मूर्ती, मध्यस्थ सगळं नाकारतात, मग 'निर्मीक', म्हणजे जग निर्माण करणारा, मात्र का ठेवतात? वडील म्हणतात, अर्ध्यावर थांबले. मला पटत नाही, पण त्यांना उत्तर देता येईना.

वाचनवेडी: अर्ध्यावर कसले? निर्मीक एकच, म्हणजे सगळे स्त्रीपुरुष त्याची लेकरं, मग दलाल हवा कशाला? समतेचा हक्क ते तिथूनच काढतात. त्यातलं ते घर वाचलंत का? बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका छपराखाली गुण्यागोविंदानं. आज असं घर दाखवा कुणी! मी तो भाग सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला.

गंजपेठकर: माणूस नुसतं लिहीत नव्हता, हे वडिलांना सांगा. 1868 साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मे 1888 मध्ये मुंबईत लोकांनी 'महात्मा' म्हटलं. त्याच वर्षी पक्षाघातानं उजवा हात गेला. तर डाव्या हातानं हेच पुस्तक लिहून काढलं. छापून आलं 1891 साली, ते गेल्यावर.

कऱ्हाकाठ: डाव्या हाताचं ठाऊक नव्हतं. आज रात्री जेवणानंतर वडिलांना ते घराचं पान वाचून दाखवतो. ते वाद घालणारच, घालू देत.