कचरा डेपोच्या गॅसवर घरची वीज : जमेल की नुसती हवा?

मिरजकर :
रात्री वारा फिरला की डेपोचा वास घरात. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, तिथं ओला कचरा कुजून गॅस होतो, त्यात निम्म्याच्या आसपास मिथेन. तो मोकळा सुटला तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. मग भोकाच्या पाइपा आत सोडून, ब्लोअरनं गॅस ओढून इंजिनावर वीज का करू नये? अमेरिकेत १० लाख टन कचऱ्यामागं पाऊण मेगावॅट धरतात. म्हणजे दिवसाला १८ हजार युनिट. घरटी ५ युनिट धरा, साडेतीन हजार घरं!

कृष्णाकाठ :
हिशोब बरोबर, पण तो झाकलेल्या लँडफिलचा. खाली अस्तर, वर मातीचा थर, कचरा दाबून बसवलेला. आपल्याकडं बहुतेक गावांत ते नसतं, नुसतं ओतणं असतं. उघड्या ढिगात हवा शिरते, गॅस भेगांतून निसटतो. जास्त जोरानं ओढलात तर हवा आत जाऊन ढीगच आतून पेटायचा. वर त्यातला हायड्रोजन सल्फाइड इंजिन खातो ते वेगळंच.

पलूसची सून :
मला मेगावॅट कळत नाही. सासरी गोबरगॅस आहे. डोमला केसाएवढी चीर गेली की चहा चुलीवर. इथं तर अख्खा डोंगर उघडा!

मिरजकर :
ताई, चीर बुजवलीच ना? ढीगही झाकता येतो. मुंबईत गोराईचा झाकला, गॅसही गोळा केला.

कृष्णाकाठ :
त्या पैशांत कार्बन क्रेडिटचा, म्हणजे प्रदूषण कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या विकाऊ प्रमाणपत्रांचा, मोठा हात होता, ते सांगा की. आणि आता सरकारचं धोरण जुने ढीग बायोमायनिंगनं, म्हणजे उकरून, चाळून, वेगळं करून जागा मोकळी करायचं. उकरला की हवा लागली, मिथेन थांबला. एक तर ढीग उकरा, नाही तर त्याचं दूध काढा. दोन्ही नाही जमत.

वायरमन :
घरांना वीज म्हणजे वेगळी तार ओढणार काय? ती महावितरणच्या लाइनीत मिसळणार, बिल तेच येणार. आपल्या साखर कारखान्यांची बगॅसवरची, म्हणजे उसाच्या चोथ्यावरची, वीज लाइनीत जातेच की, कुणाचं बिल उतरलं? त्यापेक्षा मंडईचा ओला कचरा डेपोला जायच्या आधीच बंद टाकीत घाला. ५ टनाला ४०० घनमीटर गॅस धरा. वीज केलीत तर सहा-सातशे युनिट, कारण इंजिनात निम्म्याहून जास्त उष्णता वाया. तोच गॅस सरळ शेगडीला दिलात तर १२ सिलिंडरचं जळण. एखाद्या वसतिगृहाचा स्वयंपाक निघतो, उगाच मेगावॅटच्या मागं कशाला लागायचं?

पलूसची सून :
हे पटलं बघा. पण मंडईतल्या कॅरीबॅगा कोण वेचणार? आमच्या टाकीत एकदा शेणाबरोबर नायलॉनची दोरी गेली. दोन दिवस तीच ओढत बसलेलो.

मिरजकर :
वायरमनदादा, टाकी नव्या कचऱ्याला झाली. जुना ढीग आज रात्रीही गॅस सोडणारच आहे. त्यावर कुणी बोलंना.

कृष्णाकाठ :
बोललो की. उकरा.