मदत हवी आहे: दुकानातील क्यूआर कोड, ४० लाखांची मर्यादा आणि पुण्याला जाणारी काजूची पार्सले

नमस्कार. आमचे किराणा व दुधाचे दुकान बेळगाव तालुक्यात वेंगुर्ले रस्त्यावर, उचगाव फाट्याच्या पुढे आहे. आमच्या पुढे बाची आणि मग शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका आणि महाराष्ट्र राज्य. गिऱ्हाईक दोन्हीकडचे आहे आणि कोण कोठल्या राज्याचे हे विचारण्याची वेळ वडिलांच्या काळापासून कधी आली नव्हती. ती आता आली आहे असे वाटते, म्हणून हा धागा काढत आहे. प्रश्न जीएसटी नोंदणीचा आहे. तो नीट विचारता यावा यासाठी आकडे आणि आमच्या सवयी दोन्ही सविस्तर लिहितो. लांबण लागल्यास क्षमस्व.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरील जमा रकमा पाहून लहान दुकानदारांना नोटिसा पाठवल्या, हे आपण सर्वांनी वाचले असेल. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला सुमारे २९ लाखांची नोटीस आल्याची बातमी तेव्हा आमच्या दुकानात दिवसभर चर्चेला होती. आमच्या रस्त्यावरच्या दोन दुकानांनी त्याच आठवड्यात क्यूआर कोड काढून ठेवला. एकाने तर त्यावर जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवला, आणि तो कागद आजही आहे. मला अद्याप नोटीस आलेली नाही. परंतु खातेउतारा काढून बसलो तेव्हा माझीच झोप उडाली.

गेल्या आर्थिक वर्षात माझ्या खात्यावर यूपीआयने ४१ लाख ६० हजार रुपये जमा झाले आहेत. मात्र ही सगळी विक्री नाही. त्यात भिशीचे १ लाख २० हजार आहेत, घराच्या दुरुस्तीसाठी धाकट्या भावाने पुण्याहून पाठवलेले २ लाख आहेत, आणि ज्याचा हिशेब देणे सर्वांत अवघड आहे असे सुमारे ५ लाख रुपये निव्वळ सुट्ट्या-रोखीच्या देवघेवीचे आहेत. ही देवघेव कशी होते ते सांगतो. मंगळवारी आणि शुक्रवारी मळेकरणी देवीला भाविकांची गर्दी असते. नारळवाल्याकडे, फुलवाल्याकडे रोख लागते आणि जवळ एटीएम नाही. मग लोक येतात, "काका, पाचशे टाकतो, रोख द्या" म्हणतात, आमचा साउंडबॉक्स कानडीत "ऐनूरु रूपाय" म्हणून ओरडतो आणि मी गल्ल्यातून पाचशेची नोट काढून देतो. त्यात एका पैशाचा नफा नाही. उलट माझी गल्ल्यातली रोख संपते. पण बँकेच्या उताऱ्यावर ते पाचशे आणि साखरेच्या विक्रीचे पाचशे एकसारखेच दिसतात.

या तिन्ही रकमा वजा केल्या तर यूपीआयची खरी विक्री ३३ लाख ४० हजार होते. त्यात कच्च्या वहीप्रमाणे रोखीची सुमारे १३ लाख मिळवली की एकूण विक्री ४६ लाख ४० हजारांच्या आसपास जाते. यातील सुमारे २१ लाख दूध, सुटे तांदूळ आणि भाजी यांचे आहेत, ज्यांवर कर नाही. उरलेली २५ लाख ४० हजारांची विक्री साबण, बिस्किटे, तेल, मसाले, काजू अशा करपात्र मालाची आहे. माझी आजवरची समजूत अशी होती की जीएसटी नोंदणीसाठीची वार्षिक ४० लाखांची मर्यादा करपात्र मालालाच लागू असते, म्हणून मी निर्धास्त होतो.

दुसरी गोष्ट पार्सलांची. पुण्या-मुंबईस स्थायिक झालेली आमच्याकडची मंडळी व्हॉट्सअॅपवर यादी पाठवतात आणि मी इकडचा बासमती तांदूळ व काजू कुरियरने पाठवतो. काजू मी चंदगडच्या कारखान्यातून पक्क्या बिलावर आणतो. म्हणजे महाराष्ट्रातला काजू आमच्या दुकानात मुक्काम करून पुन्हा महाराष्ट्रात जातो, यावर घरात थट्टाही होते. वर्षभरात काजूची अशी विक्री अवघी १ लाख ८० हजारांची आहे, पण नफा बरा सुटतो, साधारण २७ हजार. किराण्यात तेवढा नफा काढायला किती पोती हलवावी लागतात हे दुकानदारांना सांगायला नको.

तिसरे असे की वडिलांनी लावलेल्या शिस्तीप्रमाणे आम्ही बिलावर गिऱ्हाइकाचे नाव व गाव लिहितो, कारण उधारी वसूल करताना एकाच आडनावाचे चार जण निघतात. त्यामुळे आमच्या बिलबुकात "शिनोळी", "तुडये" अशी गावे भरपूर आहेत.

आता प्रश्न असा की क्यूआर कोड काढून केवळ रोखीने व्यवहार केल्यास काही उपयोग होईल का? मेहुण्यांचा सल्ला आहे की एक क्यूआर माझा आणि एक पत्नीच्या नावाचा लावावा, म्हणजे दोन्ही खाती ४० लाखांच्या खाली राहतील. मला तो पटत नाही, पण का पटत नाही हे नेमके सांगता येत नाही. नोंदणी करायची झाल्यास १ टक्का कराची कंपोझिशन योजना (लहान व्यापाऱ्यांनी विक्रीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) घ्यावी की नियमित नोंदणी? येथील सल्लागार नियमित नोंदणीचे महिन्याला हजार-दीड हजार मागतात आणि "छोट्या दुकानाला कंपोझिशनच बरी" असे पाच मिनिटांत सांगून मोकळे होतात. मला कर चुकवायचा नाही, पण चुकीच्या दारातून आतही शिरायचे नाही.

प्रतिसाद १ (हिशेबनीस, बेळगाव)

आपण आकडे मांडून प्रश्न विचारला हे फार चांगले केले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे.

प्रथम आपली समजूत दुरुस्त करतो. ४० लाखांची मर्यादा एकूण उलाढालीवर मोजतात आणि त्यात करमुक्त मालही धरतात. एखादा मनुष्य केवळ दूध किंवा केवळ भाजी विकत असेल तर कितीही उलाढाल झाली तरी त्याला नोंदणी लागत नाही. जुलै २०२५ मध्ये व्यापाऱ्यांशी झालेल्या बैठकीनंतर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनीही अशा विक्रेत्यांना दिलासा दिला होता. परंतु दुधाच्या शेजारी साबणाची वडी ठेवली की आपण त्या वर्गातून बाहेर पडता, आणि मग दुधाचे २१ लाखही मोजणीत येतात. म्हणजे आपली उलाढाल ४६ लाख ४० हजार आहे, २५ लाख ४० हजार नव्हे.

क्यूआर काढल्याने उलाढाल कमी होत नाही, केवळ कमी दिसते. रोखीची विक्रीही त्यातच मोजायची असते. शिवाय प्राप्तिकरात अंदाजित नफ्याची जी तरतूद आहे, तीत रोख विक्रीवर ८ टक्के आणि डिजिटल जमेवर ६ टक्के नफा धरला जातो, त्यामुळे रोखीकडे वळून त्या बाजूलाही तोटाच होईल. पत्नीच्या नावाच्या क्यूआरचेही तेच आहे: दुकान एक, माल एक, खरेदीची बिले एका नावाची आणि जमा दोन खात्यांत, याला दोन व्यवसाय म्हणत नाहीत. चौकशी झालीच तर वहिनींनाही त्यात उत्तर द्यावे लागेल. आपल्याला तो सल्ला का पटला नाही याचे कारण बहुधा हेच असावे.

पण आपल्या धाग्यात ४० लाखांपेक्षा महत्त्वाची बाब ती काजूची पार्सले आहेत. करपात्र माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकणाऱ्याला, हस्तकलेच्या वस्तूंसारखे काही अपवाद सोडल्यास, पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे. तेथे ४० लाखांची मर्यादा लागूच होत नाही. सुटा तांदूळ करमुक्त असल्याने त्याची अडचण नाही, पण तोच तांदूळ आपण आधीच पाच किलोच्या पिशवीत भरून नाव छापून ठेवत असाल तर त्यावरही ५ टक्के कर लागतो. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. तो वेळेत केला असता तर दुकानातील साठ्यावर भरलेल्या कराची वजावटही मिळाली असती. ती संधी गेली असे धरून पुढचे पाहू.

कंपोझिशन योजनेत परराज्यात विक्री करता येत नाही. परराज्यातून खरेदी चालते, म्हणजे चंदगडचा काजू आणता येईल, पण पुण्याला पाठवता येणार नाही. आणि एकाच पॅनवर काजू नियमित व किराणा कंपोझिशनमध्ये असेही करता येत नाही.

प्रतिसाद २ (निपाणीचा दुकानदार)

मी तीन वर्षे कंपोझिशनमध्ये आहे. दर तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ हा तिमाही कराचा फॉर्म भरायचा आणि वर्षातून एकदा जीएसटीआर-४ हे विवरणपत्र, एवढेच काम. किरकोळ व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवरच १ टक्का लागतो, दुधावर लागत नाही, म्हणजे आपल्याला वर्षाला सुमारे २५ हजार ४०० रुपये पडतील. गिऱ्हाइकाकडून तो वेगळा घेता येत नाही, आणि दुकानात तसा फलक लावावा लागतो. मी पार्सले पाठवत नाही म्हणून मला सोयीचे आहे. आपल्या जागी मी असतो तर २७ हजारांच्या काजूसाठी कटकट वाढवली नसती.

प्रतिसाद ३ (सीमेपलीकडून, गडहिंग्लज)

वरच्या दोघांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे बिलावर गाव लिहिण्याची सवय. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा आहे की नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला माल विकताना बिलावर त्याचा पत्ता लिहिला असेल, तर पुरवठ्याचे ठिकाण, म्हणजे विक्री कोणत्या राज्यातली हे ठरवणारी जागा, त्या पत्त्याचे धरले जाते. पत्ता नसेल तर दुकानाचे. बिलावर नुसते राज्याचे नाव असले तरी तो पत्ता समजला जातो. म्हणजे शिनोळीच्या माणसाने आपल्या दुकानात उभे राहून साबण घेतला आणि आपण शिस्तीने "शिनोळी, महाराष्ट्र" लिहिले, तर कागदावर ती परराज्यातील विक्री ठरू शकते. कंपोझिशन घेतल्यास हे बिलबुकच आपल्या विरोधात पुरावा होईल. उधारीची गावे उधारीच्या वहीत ठेवावीत आणि लहान रोख बिलांवर नाव-गाव लिहू नये.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. बिलबुकाची गोष्ट वाचून मी खरोखर उठलो आणि कपाटातली जुनी बुके काढून पाहिली. एका पानावर नऊपैकी सहा बिले चंदगड तालुक्यातली निघाली.

निपाणीच्या बंधूंचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, परंतु नियमित नोंदणीत मला नेमका किती कर पडेल हे कोणी सांगितल्यास तुलना करता येईल. २५ लाखांवर ५ टक्के म्हणजे सव्वा लाख, असे मी गृहीत धरून घाबरलो आहे.

प्रतिसाद १ (हिशेबनीस, बेळगाव)

सव्वा लाख हा आकडा मनातून काढून टाका. नियमित नोंदणीत विक्रीवरच्या करातून खरेदीवर भरलेला कर वजा होतो, म्हणजे प्रत्यक्ष भरणा साधारण आपल्या नफ्याच्या भागावरच होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबणाची वडी, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे हे सर्व ५ टक्क्यांत आले आहे. आपला करपात्र मालावरचा नफा सरासरी १० टक्के धरला तर तो सुमारे २ लाख ५४ हजार होतो, आणि त्यावर ५ टक्के म्हणजे १२ ते १३ हजार रुपये. १८ टक्क्यांचा काही माल असेल तर थोडे वाढेल. म्हणजे कर कंपोझिशनपेक्षा कमी पडतो. वाढतो तो कागदाचा व्याप आणि सल्लागाराची फी. ५ कोटींच्या आतील उलाढालीला विवरणपत्रे तिमाही भरण्याची सोय आहे, म्हणून तोही व्याप सांगतात तेवढा नाही. काजूच्या कारखान्याचे बिल आपल्या जीएसटी क्रमांकावर घ्यायला मात्र विसरू नका, नाहीतर वजावट मिळणार नाही.

रोखीच्या देवघेवीबद्दल: दुकानाच्या क्यूआरवर ती आजपासून बंद करा. माणुसकी म्हणून करायचीच असेल तर स्वतःच्या वेगळ्या बचत खात्याचा क्रमांक द्या आणि तारीख, रक्कम, नाव एका वहीत लिहा. मागच्या ५ लाखांसाठी त्या मंगळवार-शुक्रवारच्या जमा रकमा उताऱ्यावर खुणा करून ठेवा. पाचशे, हजार अशा गोल रकमा एकाच दिवशी ओळीने आलेल्या असतील तर त्या किराण्याच्या बिलांपेक्षा वेगळ्या ओळखू येतात.

धागाकर्ता

हे अगदी स्पष्ट झाले. उतारा पुन्हा पाहिला. मंगळवारच्या रकमा खरोखरच गोल आहेत, तर किराण्याच्या ४३, ११८, २६७ अशा आहेत. पेन्सिलीने खुणा करायला मुलीला बसवले आहे.

नियमित नोंदणीचाच अर्ज करायचे ठरवले आहे. काजू बंद करणार नाही. साउंडबॉक्स तसाच राहील. रोखीच्या देवघेवीसाठी माझ्या बचत खात्याचा क्यूआर मात्र गल्ल्याच्या आत ठेवणार आहे. एक शंका उरली आहे: मर्यादा ओलांडल्यापासून अर्ज करेपर्यंतच्या महिन्यांचा कर मी स्वतःहून मोजून भरावा, की नोंदणी झाल्यावर विभागाकडून विचारणा येण्याची वाट पाहावी? बेळगाव परिसरातील कोणी हे प्रत्यक्ष केले असल्यास कृपया अनुभव लिहावा.