टॉर्चच्या १८६५० सेलसाठी चार्जर सुचवा (बजेट ६०० रुपये)

रानपाखरू
नमस्कार मंडळी. आम्ही जुन्नर तालुक्यातले. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे, त्यामुळे दारे धरायला अंधारातच जावं लागतं. बिबट्याचं वेगळं सांगायला नको. टॉर्च झकास आहे, आत १८६५० चे (परत चार्ज होणारे लिथियमचे) दोन सेल एकामागे एक बसतात. भानगड चार्जरची आहे. बाजारातून आणलेला, थेट प्लगात बसणारा, दोन खाचांचा चार्जर आहे. सेल नसला तरी हिरवा दिवा लागतो, सेल लावला तरी थोड्या वेळाने हिरवाच. रात्रभर ठेवून सकाळी मीटर लावला तर एक सेल ४.३१ व्होल्ट, दुसरा ४.१२. हे बरोबर आहे का? सेल चार आहेत. ६०० पर्यंत काय घ्यावं?

मिलिॲम्प
डोळे झाकून लिटोकाला लि-५०० घ्या. चार खाचा, करंट ठरवता येतो, सेलची खरी क्षमता मोजून दाखवतो. माझा कित्येक वर्षं चालू आहे. स्वस्तातलं घेऊन दर वर्षी रडण्यापेक्षा एकदाच काय ते घ्या.

घाटावरचा
अहो, त्यांनी ६०० म्हटलंय. लि-५०० त्यात येतो का?

मिलिॲम्प
नाही येत. पण चांगली वस्तू ६०० त येत नाही, हेही त्यांना कळू दे की.

सोल्डरबाबा
रानपाखरू, चार्जरचं नंतर बघू. तो ४.३१ वाला सेल आधी टॉर्चमध्ये घालून उतरवा. साध्या लिथियम-आयन सेलची हद्द ४.२० व्होल्ट असते, चांगले चार्जर त्यात ०.०५ इकडेतिकडेपेक्षा जास्त चुकत नाहीत. ४.३१ म्हणजे चार्जरला थांबायचं कळतच नाही.

नीट चार्जर असा चालतो: सेल रिकामा असताना ठरलेला करंट देत राहतो, समजा १ ॲम्पियर. तेव्हा व्होल्टेज हळूहळू चढतं. ४.२० ला पोचलं की व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि करंट आपोआप उतरत जातो. कळशी काठाला आली की आपण नळ बारीक करतो, तसं. करंट सुरुवातीच्या साधारण दहाव्या हिश्शावर आला की चार्जर पूर्ण बंद. त्यानंतर थेंब थेंब देत राहणं लिथियमला चालत नाही. तुमच्या चार्जरमध्ये यातलं काही दिसत नाही, आत नुसती एक पॉवर सप्लाय असणार.

प्राची_के
म्हणूनच मी फोन ८० टक्क्यांच्या वर कधी नेत नाही. शंभर केला की बॅटरी मरते.

सोल्डरबाबा
मरत नाही हो ताई, लवकर म्हातारी होते. काठोकाठ भरून गरम जागी ठेवली तर जास्तच लवकर. शिवाय फोनचा चार्जर हा खरं तर चार्जर नसतोच. तो फक्त वीज पुरवतो, किती घ्यायची आणि कधी थांबायचं हे फोनच्या आतलं सर्किट ठरवतं. सुट्या सेलला ते सर्किट नसतं, म्हणून इथे सगळी भिस्त चार्जरवर.

अण्णा_वाईकर
नवीन सेल पहिल्यांदा सलग आठ तास चार्ज करायचा आणि पूर्ण उतरल्याशिवाय परत लावायचा नाही. आमच्या रेडिओच्या दुकानात हाच नियम होता.

घाटावरचा
अण्णा, तो नियम निकेल-कॅडमियमच्या सेलांचा. लिथियमला अर्ध्यावरून लावला तरी चालतो, उलट पार रिकामा करणंच वाईट.

अण्णा_वाईकर
चालत असेल. आमचे सेल मात्र टिकायचे.

भंगारभाऊ
चार्जरवर पैसे कशाला घालवता? टीपी४०५६ चिपची बारकी चार्जिंगची पट्टी मिळते, भाजीच्या पैशात. पाच व्होल्ट द्या, सेल जोडा, झालं. मी जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून सेल काढतो आणि त्यावरच चार्ज करतो. एखादा पार झोपलेला असला, मीटरवर शून्य, तर चांगल्या सेलला समांतर टेकवून झटका द्यायचा. उठतो.

सोल्डरबाबा
झटक्याचा सल्ला कृपया कुणी ऐकू नका. सेल फार खाली जाऊन पडून राहिला की आतल्या पत्र्याचं तांबं विरघळतं, आणि परत चार्ज करताना ते भलत्याच जागी जमून आतच शॉर्ट होऊ शकतो. शहाणा चार्जर असा सेल दिसला की आधी अगदी थोडा करंट देऊन बघतो. टीपी४०५६ सुद्धा २.९ व्होल्टच्या खाली असंच करते. शून्यावर गेलेला सेल सरळ ई-कचऱ्यात.

पट्टी मात्र वाईट नाही. ४.२ ला थांबते, करंट दहाव्या हिश्शावर आला की बंद होते. बहुतेक पट्ट्या १ ॲम्पियरवर लावलेल्या येतात. फक्त तापते, कारण पाच व्होल्टमधलं जे उरतं ते उष्णता होऊन जातं. सेल ३ व्होल्टवर असेल तर २ वॉट नुसते तापण्यात जातात. ती सेलला चिकटवून ठेवू नका.

भंगारभाऊ
माझा अजून एकही फुटला नाही. तुम्ही लोक फार घाबरवता.

नायगावकर
आमच्या शेजाऱ्यांकडे फुटला. गादीवर चार्जिंगला लावला होता, गादी गेली, खिडकीचा पडदा गेला. फरशीवर ठेवा बाबांनो, आणि घरात कुणीतरी जागं असताना लावा.

टोरांटोकर
इथे थंडीत टॉर्च गॅरेजमध्ये राहते. शून्याच्या खाली गेलेला सेल चार्ज करू नये, आत लिथियम धातूचा थर बसतो. वापरायला हरकत नाही, चार्ज करायचा असेल तर घरात आणून ऊब आल्यावर.

घाटावरचा
जुन्नरला शून्याखाली?

टोरांटोकर
माहिती म्हणून सांगितलं. धागा सगळेच वाचतात.

रानपाखरू
खूप माहिती मिळाली, आभार. एक राहिलं. चारपैकी दोन सेल टॉर्चबरोबर आले होते. उरलेले दोन मी नंतर घेतले, त्यांवर क्षमता ९९०० एमएएच (मिलिॲम्पिअर-तास) छापलीय. ते लवकर भरतात आणि लवकर उतरतातही. चार्जरमुळेच ना?

सोल्डरबाबा
नाही, हा सेलचाच दोष. १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी. एवढ्या डब्यात ९९०० मावतच नाही. पॅनासॉनिकचा नावाजलेला एनसीआर१८६५०बी ३४०० चा. किराणावाल्याच्या बारीक काट्यावर वजन करा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो.

रानपाखरू
सोनाराकडे केलं. टॉर्चबरोबरचे ४५ आणि ४६. ९९०० वाले ३१.

मिलिॲम्प
म्हणून म्हणत होतो, लि-५०० असता तर क्षमता घरबसल्या कळली असती.

घाटावरचा
सोनाराकडेही कळली की. फुकट.

सोल्डरबाबा
ते दोन बाद करा. वेगवेगळे सेल जोडीने एकामागे एक लावायचे नाहीत, कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलटा ओढतो. आता चार्जर: दोनच सेल उरले, तर दोन स्वतंत्र खाचांचा, यूएसबीवर चालणारा, प्रत्येक खाचेला वेगळा दिवा असलेला साधा चार्जर ६०० त बसायला हरकत नाही. घेतल्यावर एकदा तपासा. दिवा हिरवा झाला की सेल खाचेत असतानाच मीटर लावा, ४.१५ ते ४.२५ च्या मध्ये हवं. तसाच दोन तास ठेवून परत बघा. आकडा चढत गेला तर परत करा. काढल्यावर एकदोन शतांश खाली येतो, ते ठीक.

प्राची_के
एक्सटार कंपनीचे चार्जर चांगले असतात म्हणे. माझ्या भावाकडे आहे.

मिलिॲम्प
एक्सटार चांगलाच. पण त्यात थोडी भर घातली की लि-५००.

रानपाखरू
मंडळी, राग मानू नका. काल नारायणगावला गेलो होतो, एकच जाडा सेल असलेली आणि मागे टाइप-सी खाच असलेली टॉर्चच घेतली. अकराशे गेले. वडिलांना सेल काढून घालून जमत नाही, अंधारात प्लस मायनस उलटं बसवतात. मोबाइलच्या चार्जरला लावली की काम झालं.

सोल्डरबाबा
त्या खाचेला चिखलपाण्याचं रबरी बूच आहे ना? ते पहिलं जातं.

रानपाखरू
आहे. घट्ट आहे. रात्री भरून झाल्यावर सेल काढून मीटर लावला, ४.१८. जुना चार्जर वडील टाकू देत नाहीत, त्याची पिन कापून ठेवली.

भंगारभाऊ
ते ३१ ग्रॅमवाले सेल टाकणार असाल तर मला द्या, खर्च मी देतो.

नवखा_७७
धागा वर काढतोय. माझ्याकडे ड्रिलची बॅटरी आहे, आत पाच सेल, चार्जरवर लावली की लाल दिवा लुकलुकतो आणि चार्जच होत नाही. सेल बदलावेत की चार्जर? बजेट ५००.

मिलिॲम्प
लि-५०० घ्या, सेल सुटे करून एकेक तपासता येतील.