केवळ हाडांवरून माणसाची ओळख पटते का?

ईशान, परळ:
मी नववीत आहे. बेवारस सांगाड्याची ओळख पटल्याची बातमी नुकतीच वाचली. चेहरा आणि बोटांचे ठसे उरलेलेच नसतील, तर हा अमुकच माणूस, असे तज्ज्ञ कशाच्या आधारे ठरवतात?

स्नेहल, शीव (अस्थिशास्त्र शिकवते):
ईशान, हाडांवरून नाव कळत नाही, वर्णन कळते. मुळात हाडे माणसाची आहेत की गुराची, हे आधी पाहतात. स्त्री की पुरुष हे ठरवायला कवटीपेक्षा कमरेचे हाड अधिक भरवशाचे, कारण बाळंतपणाच्या दृष्टीने स्त्रीचा कटिभाग रुंद असतो आणि त्याच्या पुढच्या बाजूचा कोनही मोठा असतो. वयाचे म्हणशील, तर तुझ्या मांडीच्या हाडाच्या टोकांजवळ आज कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक भागाची पट्टी आहे. वाढ पुरी झाली की ती हाडात मिसळून जाते. प्रत्येक हाडाची ही वेळ वेगळी असते आणि कॉलर बोनचे छातीकडचे टोक सर्वांत शेवटी, बहुधा विशीच्या उत्तरार्धात, जुळते. त्यानंतरचे वय मात्र झिजेवरूनच, तेही ढोबळमानाने सांगता येते. मालिकांमधले तज्ज्ञ नेमके वय सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नकोस. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज बांधतात.

ईशान, परळ:
धन्यवाद, ताई. पण एवढे वर्णन हजारो लोकांना लागू पडेल ना?

एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी, कलिना:
पडेलच. म्हणून बेपत्ता व्यक्तींच्या यादीतून त्या वर्णनाची माणसे निवडतात आणि मग दंतवैद्याकडचे जुने एक्स-रे, शस्त्रक्रियेत हाडाला बसवलेल्या धातूच्या पट्टीवरील क्रमांक किंवा आईवडिलांचा, भावंडांचा डीएनए यांच्याशी अवशेष ताडून पाहतात. आमच्या कलिन्यात राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, तिथे डीएनए तपासणी होते.

दातांबद्दल थोडे अधिक सांगतो. पंजाबात अजनाळा येथील विहिरीतून 2014 मध्ये अनेक सांगाडे निघाले. ते 1857 च्या शिपायांचे की 1947 च्या दंगलींतील बळींचे, असा वाद होता. दातांवरचे कवच लहानपणी घडते आणि त्या वेळी प्यायलेल्या पाण्याची रासायनिक खूण त्यात राहते. ती खूण आणि डीएनए तपासून 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही माणसे गंगेच्या खोऱ्यातली असल्याचे दाखवले. 1947 चे बळी बहुधा पंजाबातलेच असते, म्हणून 1857 च्या बाजूला बळ मिळाले. नावांपर्यंत पोहोचायचे, तर वंशजांचे नमुने हवेत.